विजेच्या तारांचे उत्पन्न : नफा किती, मुद्दल किती?

परळीहून वरोरा व सोलापूरकडे जाणाऱ्या 765 केव्ही वाहिन्यांचे उंच मनोरे अनेकांनी प्रवासात पाहिले असतील. या वाहिन्या पॉवरग्रिड या सरकारी कंपनीने उभारल्या. मे 2021 मध्ये परळीसह पाच वाहिनी कंपन्या एका ट्रस्टकडे देऊन त्याचे युनिट 100 रुपयांना लोकांना विकण्यात आले. 2022-23 पासून तीन वर्षे दर युनिटला सालाना 12 रुपये वाटप झाले. म्हणून दुकानातील शिल्लक यात घालावी काय, असे आपले व्यापारी बंधू विचारतात.

प्रथम चांगली बाजू पाहू. वाहिनीचे भाडे किती वीज वाहिली यावर नव्हे, तर वाहिनी चालू स्थितीत किती काळ राहिली यावर मिळते. करार 35 वर्षांचे आहेत. वाटण्याजोग्या रकमेपैकी किमान 90 टक्के वाटलीच पाहिजे, असा सेबीचा नियम आहे.

आता दुसरी बाजू. ट्रस्ट आपले युनिट परत घेत नाही. पैसे हवे असल्यास शेअर बाजारात गिऱ्हाईक शोधावे लागते आणि भाव बाजार ठरवतो. 1994 मध्ये मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंडासाठी लोकांनी रांगा लावल्या. तोही असाच बंद मुदतीचा होता. 10 रुपयांचे युनिट पुढे अनेक वर्षे त्याखालीच विकले गेले. या ट्रस्टचे युनिटही 2022 मध्ये 130 च्या वर गेले आणि 2024 मध्ये 100 च्या खाली होते.

समजा, 100 ला घेतले, तीन वर्षांत 36 रुपये मिळाले आणि 85 ला विकले. हातात आले 121. म्हणजे खरा नफा 21, सालाना 7 रुपये, 12 नव्हे. तेच 130 ला घेणाऱ्याच्या हातीही 121 च आले. त्याला 9 रुपयांचा तोटा झाला.

आणखी एक गोष्ट. वाटपात व्याज, लाभांश आणि कर्जफेड असे वेगवेगळे भाग असतात. कर्जफेडीचा भाग म्हणजे आपलेच मुद्दल परत येणे. ताग्यातून कापड कापून विकले की गल्ल्यात रोख येते, पण तागा लहान होतो. सगळा गल्ला नफा धरणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही. करार संपत जातो तसा हा तागाही कमी होतो. नवी मालमत्ता घेतली, तर ती कोणत्या किमतीला व किती कर्ज काढून घेतली, हे पाहावे.

म्हणून घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात : आजचा भाव व ट्रस्टने जाहीर केलेले निव्वळ मूल्य, वाटपाची फोड, कर्जाचे प्रमाण आणि कराराची उरलेली वर्षे. बँकेचे व्याजदर वाढले की अशा युनिटचे भाव बहुधा उतरतात, हेही ध्यानात ठेवावे. फोडीनुसार आयकरही वेगळा लागतो. तो आपल्या हिशेबनिसाला विचारावा.

वाटपाचा मोठा भाग व्याज या नावानेच येतो. ज्यांना सूद टाळायचा आहे, त्यांनी जाणत्या आलिमांना फोडीचा कागद दाखवून मगच निर्णय घ्यावा.

ईदचा माल भरायची रक्कम, मुलीच्या लग्नाची रक्कम किंवा कोणाची अमानत यात घालू नये. जी रक्कम पाच-सात वर्षे लागणार नाही, तिचाच थोडा भाग घालावा. बारा टक्के ऐकून धावू नये. मुद्दल मोजून पाऊल टाकावे.