यंत्राने लिहिलेली जेवणाची सुट्टी

सकाळी 9 वाजता पंच आणि संध्याकाळी 6 वाजता पंच. या दोन नोंदींमध्ये 9 तासांचे अंतर असते, पण पगाराच्या हिशेबात काम धरले जाते साडेआठ तासांचे. मधला अर्धा तास हजेरीच्या सॉफ्टवेअरने जेवणाची सुट्टी म्हणून स्वतःच वजा केलेला असतो. कर्मचाऱ्याने त्यासाठी मशीनवर बोट ठेवलेले नसते की कार्ड दाखवलेले नसते. एचआर विभागाने एकदा भरून दिलेल्या नियमाप्रमाणे ही नोंद रोज पडत राहते. कार्यालयीन बोलीत हिलाच ‘ऑटो ब्रेक’ म्हणतात.

या सोयीची गरज खरी आहे. शेकडो कामगार एकाच वेळी कॅन्टीनकडे निघतात आणि दाराशी बायोमेट्रिक मशीन एक किंवा दोनच असतात. जाताना आणि येताना प्रत्येकाने पंच करायचे म्हटले, तर सुट्टीतली काही मिनिटे रांगेतच जातात. शिवाय माणसे विसरतात. जेवायला जातानाचा पंच असतो, परतल्याचा नसतो, आणि महिनाअखेरीस पगारपत्रक करणाऱ्याला अशा अर्धवट नोंदी एकेक करून दुरुस्त कराव्या लागतात. ज्या कारखान्यात भोंगा वाजला की सगळी लाइन एकदमच थांबते, तिथे प्रत्येकाचे वेगळे पंचिंग घेऊन वेगळे काहीच कळत नाही. अशा जागी ऑटो ब्रेक निर्धास्त वापरावा.

सेटिंगला हात लावण्याआधी मात्र कायदा पाहावा लागतो. सलग 5 तासांहून जास्त काम करून घ्यायचे असेल, तर मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा दंडक कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 55 ने घालून दिला. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या 2017 च्या अधिनियमातही मुळात हीच तरतूद होती. अलीकडे ही चौकट हलली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील सलग कामाची मर्यादा 5 वरून 6 तासांवर नेणाऱ्या बदलाला मंजुरी दिली, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यामुळे नियम भरताना आपल्या आस्थापनेला आज कोणती तरतूद लागू आहे, हे सल्लागाराकडून लेखी घ्यावे. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेला आकडा तसाच ठेवणे ही नेहमीची चूक आहे. तो आकडा पुष्कळदा परदेशातला असतो. जर्मनीत 6 तासांहून जास्त कामाला 30 मिनिटे आणि 9 तासांहून जास्त कामाला 45 मिनिटे विश्रांती लागते, तर ब्रिटनमध्ये 6 तासांहून जास्त कामाला 20 मिनिटे. पुण्यातल्या कारखान्याला यातले काहीच लागू नाही.

नोंद पाडण्याच्या पद्धती साधारण तीन. पहिल्या पद्धतीत ठरलेल्या वेळेचा ब्रेक लिहिला जातो, उदाहरणार्थ रोज 1 ते दीड. दुसरीत काम अमुक तासांपुढे गेले की ठरावीक मिनिटे एकूण वेळेतून वजा होतात, ती कोणत्या घटकेची होती हे लिहिले जात नाही. तिसरीत कर्मचाऱ्याने स्वतः पंच केलेला ब्रेक आधी मोजला जातो आणि किमान मर्यादेला जेवढा कमी पडतो तेवढाच वाढवला जातो. कर्मचारी 20 मिनिटांत परतला आणि किमान 30 मिनिटे हवी असतील, तर उरलेली 10 मिनिटे यंत्र घालते.

पहिली पद्धत दिसायला नीटस, पण तिच्याबाबत सावधगिरी हवी. रजिस्टरमध्ये 1 ते दीड असे लिहिले म्हणजे त्या वेळेत तो माणूस कामावर नव्हता, असा पुरावाच तयार होतो. लाइन थांबत असेल तर तो खरा असतो. रुग्णालयातली परिचारिका, एकटा पहारेकरी किंवा रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडू न शकणारा बॉयलर चालवणारा यांच्याबाबत तीच ओळ खोटी ठरू शकते. दुसऱ्या पद्धतीत निदान न पाहिलेली वेळ लिहिली जात नाही. मात्र विश्रांती सलग कामाच्या मर्यादेच्या आत मिळाली की दिवस संपताना, हे तिच्यातून कळत नाही आणि तपासणीत नेमके तेच विचारले जाते. म्हणून हातातले काम सोडून उठता येत नाही अशा जागांसाठी ऑटो ब्रेक बंदच ठेवावा आणि खरा पंच घ्यावा.

तिसरी पद्धत या दोन्हींपेक्षा न्याय्य वाटते, पण तिच्यातही एक प्रश्न उरतो. माणूस 20 मिनिटांत परतून खरोखर कामाला लागला असेल, तर यंत्राने घातलेली 10 मिनिटे ही केलेल्या कामातून कापलेली 10 मिनिटे होतात. अशा वेळी यंत्राने मिनिटे गुपचूप भरण्याऐवजी सुपरवायझरला सूचना पाठवावी, हे अधिक चांगले.

मर्यादेच्या काठावरची कापणी हा तर सगळ्यात जास्त अन्याय करणारा तपशील. समजा, 6 तासांपुढे काम गेले की 30 मिनिटे वजा, असा नियम आहे. एक जण बरोबर 6 तास थांबला, त्याचे 6 तास धरले गेले. दुसरा हातातले काम संपवून 6 तास 5 मिनिटांनी निघाला, तर त्याचे होतात 5 तास 35 मिनिटे. पाच मिनिटे जास्त थांबणाऱ्याच्या खात्यात पंचवीस मिनिटे कमी पडतात. काही सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय असतो: मर्यादेपुढे जितकी मिनिटे काम झाले तितकीच कापायची आणि ती वाढत 30 वर थांबवायची. दुसऱ्याचेही मग 6 तासच धरले जातात. हा पर्याय बहुधा आतल्या पानावर आणि मुळात बंद असतो, त्यामुळे तो आवर्जून शोधावा लागतो. अर्धवेळ आणि अर्ध्या दिवसाच्या रजेवर असलेल्यांना या कापणीचा फटका जास्त बसतो.

यानंतर ब्रेक पगारी की बिनपगारी, हे ठरवावे लागते. चहाची दहा-पंधरा मिनिटे बहुतेक ठिकाणी कामाच्या वेळेतच धरली जातात, तेव्हा ती नोंदवली तरी वजा होऊ देऊ नयेत. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत अखंड चालणाऱ्या कारखान्यात जेवणाचा अर्धा तासही पाळीतच बसवलेला असतो. तिथे ऑटो ब्रेक लावला तर प्रत्येकाचे साडेसात तासच भरतात. बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या आईचा हक्क तर वेगळाच आहे. मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत तिला नेहमीच्या विश्रांतीशिवाय रोज आणखी दोन ब्रेक मिळावेत, असे मातृत्व लाभ अधिनियम, 1961 ने ठरवले आणि सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही ती तरतूद आहे. सॉफ्टवेअरमध्ये या ब्रेकचा स्वतंत्र प्रकार केला नाही, तर यंत्र ते जेवणाच्या सुट्टीत मिसळून टाकते.

रात्रपाळीची गोष्ट तांत्रिक आहे, पण चुका तिथेच जास्त होतात. हिंजवडीतल्या कार्यालयात रात्री 9 ला आलेला कर्मचारी सकाळी 6 ला निघतो. सॉफ्टवेअर मध्यरात्री तारीख बदलून दिवस तोडत असेल, तर त्याच्या पाळीचे 3 तास आणि 6 तास असे दोन तुकडे पडतात. नियमात पाच तासांची मर्यादा भरलेली असेल, तर ती पहिल्या तुकड्यात ओलांडली जात नाही, दुसऱ्यात ओलांडली जाते. सेटिंगनुसार ब्रेक चुकीच्या तारखेवर पडतो किंवा दोनदा पडतो. नियम तारखेला न जोडता पाळीला जोडणे, हा त्यावरचा उपाय.

नियम भरून झाला की तो थेट सर्वांना लावू नये. मागच्या महिन्याची खरी हजेरी घेऊन तिच्यावर तो चालवून पाहावा. त्या हजेरीत अर्धा दिवस, रात्रपाळी, ओव्हरटाइम, विसरलेला पंच आणि स्वतः पंच केलेला ब्रेक असे सगळे प्रकार असावेत. नवा नियम पुढच्या पगारमहिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू करावा. जुन्या तारखांना तो लागला, तर वाटून झालेल्या पगाराचे हिशेब बदलतात.

लहान दिसणारी ही कापणी महिन्यात किती मोठी होते, याचा हिशेब सोपा आहे. न मिळालेला अर्धा तास रोज वजा झाला, तर 26 दिवसांचे 13 तास होतात. ओव्हरटाइमवर तर दुहेरी घाव बसतो. दिवसाची मर्यादा 9 तासांची असताना एखाद्याने जेवायला न उठता साडेनऊ तास काम केले, तर त्याचा अर्धा तास ओव्हरटाइम होतो आणि कायद्याने त्याला दुप्पट दर आहे. यंत्राने ब्रेक कापला की कागदावर बरोबर 9 तास राहतात. ओव्हरटाइम झाला होता, याचा मागमूसही उरत नाही.

म्हणूनच स्वयंचलित नोंदीइतकीच तिच्या दुरुस्तीची वाट महत्त्वाची. यंत्राने घातलेला ब्रेक पडद्यावर वेगळ्या खुणेने दिसावा. ‘ब्रेक मिळाला नाही’ असे कर्मचाऱ्याला मोबाइलवरून त्याच दिवशी कळवता यावे. दुरुस्ती कोणी, कधी आणि का केली, याची नोंद कायम राहावी आणि ती पुसण्याची मुभा एचआरलाही नसावी.

अमेरिकेत या प्रश्नावर बरेच खटले झाले. तिथल्या केंद्रीय नियमांनुसार जेवणाची सुट्टी बिनपगारी धरायची, तर त्या वेळेत माणूस कामातून पूर्ण मोकळा असावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ‘डोनोह्यू विरुद्ध एएमएन सर्व्हिसेस’ या खटल्यात जेवणाच्या पंचच्या वेळा जवळच्या ठोकळ आकड्यावर नेण्यास मनाई केली. त्या कंपनीची प्रणाली वेळा जवळच्या 10 मिनिटांवर नेत असे. त्यामुळे 11.02 ते 11.25 ही 23 मिनिटांची सुट्टी 11 ते साडेअकरा अशी, म्हणजे पूर्ण अर्ध्या तासाची दिसे. 2012 च्या दुसऱ्या एका खटल्यात निकाल उलट बाजूने लागला. मेम्फिसच्या रुग्णालय-समूहात ब्रेक आपोआप कापला जाई आणि तो न मिळाल्यास नोंदवण्यासाठी वही ठेवलेली होती. तिथल्या परिचारिकेने ब्रेक हुकल्याचे त्या ठरलेल्या रीतीने नोंदवले नव्हते. केंद्रीय अपील न्यायालयाने तिचा दावा मान्य केला नाही.

हे निकाल भारतात बंधनकारक नाहीत. पण वाद उभा राहिला की लेखी नोंद कोणाकडे आहे, हे इथेही विचारले जाते. ऑटो ब्रेक असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाने पगाराआधी महिन्याची हजेरी उघडून यंत्राने घातलेल्या नोंदी पाहाव्यात, आणि जी सुट्टी मिळाली नाही ती त्याच दिवशी लेखी कळवावी.