फळी ठोकण्याआधी

संपादकांना हवा होता तो लेख मेलबर्नच्या उंच इमारतींवर. त्या इमारतींबद्दल माझ्याकडे नवीन सांगण्यासारखं काही नव्हतं. ओळखीच्या एका बिल्डरने मात्र बोलता बोलता सांगितलं की इथल्या एका उपनगरात, पत्र्याच्या शेडमध्ये, गुडघ्याएवढ्या उंचीची लाकडी जमीन बांधतात, तपासतात आणि मग खिळे उपटून मोडून टाकतात. पुढची तुकडी आली की त्याच लाकडाची पुन्हा बांधतात. सुतारकामाची उमेदवारी करणाऱ्या पोरांची ती परीक्षा. मी इमारती सोडल्या आणि तिकडे गेलो.

वाड्यात बालपण गेलेल्यांना ही जमीन समजावून सांगायला नको. खाली तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट. इथे तुळईला बेअरर म्हणतात, कडीला जॉइस्ट. फरक असा की आपला कडीपाट माडीचा, आणि इथला तळमजल्याचा. जुनी ऑस्ट्रेलियन घरं जमिनीवर बसलेलीच नाहीत. मातीतून वर आलेल्या खुंटांवर ती उभी असतात. क्वीन्सलंडमध्ये हे खुंट माणूस खालून चालत जाईल एवढे उंच, मेलबर्नमध्ये जेमतेम सरपटत जाता येईल एवढे. त्यांना इथे स्टम्प म्हणतात. मेलबर्नचे जुने स्टम्प रेडगम नावाच्या लाल, जड लाकडाचे असत. तेही शेवटी कुजतातच, आणि मग अख्खं घर जॅकवर उचलून खालचे खुंट बदलतात. तो स्वतंत्र धंदा आहे.

परीक्षेचं अधिकृत नाव रुक्ष आहे: ‘इन्स्टॉल फ्लोअरिंग सिस्टिम्स’. ‘सर्टिफिकेट थ्री इन कार्पेंट्री’ या राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा तो एक घटक. उमेदवारी साधारण चार वर्षांची. बहुतेक दिवस मालकाच्या हाताखाली, उरलेले संस्थेत. या सरकारी तंत्रशिक्षण संस्थांना सगळे टेफ म्हणतात. 1974 साली मायर कँगन यांच्या समितीने अहवाल दिला आणि देशभर विखुरलेल्या तांत्रिक शाळांना केंद्राचा पैसा व हे नाव मिळालं. मी गेलो ती संस्था वेगळी, पण मेलबर्नमध्ये बांधकामाच्या शिक्षणाचा विषय निघाला की होम्सग्लेनचं नाव येतंच. तिथली मूळ इमारत दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांसाठी उभारलेली. युद्धानंतर त्याच छपराखाली गृहनिर्माण मंडळाने काँक्रीटच्या भिंती ओतल्या, शहरातल्या सरकारी मनोऱ्यांसाठी. 1982पासून तिथे टेफ आहे. इतिहास एवढा पुरे.

मला अडकवून ठेवलं ते परीक्षकाने. तीसेक वर्षं साइटवर काढलेला सुतार. गुडघे गेले म्हणून शिकवण्याकडे वळला, आणि आता दिवसभर इतरांच्या गुडघ्यांवर ओरडतो: पॅड बांधा, पॅड. सगळे त्याला पहिल्या नावाने हाक मारतात, ‘सर’ कोणी म्हणत नाही. त्याच्या हातात तपासणीची यादी असते, पण तो तिच्याकडे फारसा बघत नाही. तो बघतो लाकडाकडे, आणि तेही फार लवकर. जमीन पुरी झाल्यावर आलेला परीक्षक काय तपासणार, असं त्याचं म्हणणं. वर चकचकीत फळ्या दिसतात, खाली काय केलंय ते फळ्यांना ठाऊक. म्हणून त्याच्या शेडमध्ये नियम आहे: त्याने पाहिल्याशिवाय पहिली फळी ठोकायची नाही.

मी पाहिली ती परीक्षा दोघादोघांच्या जोड्यांची होती. एका जोडीत जिलाँगकडची एक मुलगी आणि आपला नगरचा मुलगा. तो इथे विद्यार्थी व्हिसावर आला आहे, रात्री सुपरमार्केटमध्ये माल लावतो. मला मराठीत फोनवर बोलताना ऐकून तो पुढे आला. “काका, पेपरात माझं नाव नका हं टाकू. नापास झालो तर गावाला कळेल.” मी म्हटलं, अरे, इथे नापास म्हणतच नाहीत. आणि ते खरंच आहे. इथे गुण नाहीत, श्रेणी नाही. शेरे दोनच: ‘पात्र’ किंवा ‘अजून पात्र नाही’.

सुरुवात दोऱ्या ताणण्यापासून. काटकोन काढायला आपला गवंडी जी 3-4-5ची युक्ती वापरतो तीच इथेही, मग दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का बघायचं. स्टम्प लेझरने एका पाणसळीत आणायचे. शेडला काँक्रीटची जमीन असल्यामुळे इथे लोखंडी, स्क्रूने वरखाली होणारे स्टम्प वापरतात. खड्डा खणण्याचा भाग दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात. प्रत्येक स्टम्पच्या डोक्यावर पत्र्याची एक टोपी येते, तिच्या कडा 45 अंशांत खाली वळवलेल्या. हिचं नाव अँट कॅप, आणि ती वाळवीसाठी. वाळवीला ती अडवते असं मला वाटलं होतं. जोडीतल्या मुलीलाही तसंच वाटत होतं, कारण परीक्षकाने विचारल्यावर तिने तेच उत्तर दिलं. त्याने मान हलवली. टोपी वाळवीला थांबवत नाही. खुंटाच्या पोटातून गुपचूप वर चढणारी वाळवी टोपीपाशी अडते, आणि वर जायचं तर तिला पत्र्याच्या कडेवरून मातीची नळी बांधत बाहेर यावं लागतं. नळी बाहेर आली की दिसते. मात्र दिसायला कोणीतरी खाली शिरून बघायला हवं, म्हणूनच तपासणीचा भाग असलेल्या ठिकाणी जमिनीपासून लाकडापर्यंत 400 मिलिमीटर मोकळी जागा सोडायची. टोपी नीट आणि जागा 200 मिलिमीटर, तर टोपी फुकट. यादीत हे दोन वेगळे रकाने आहेत. तो ते एकत्रच विचारतो.

बेअरर बसले, मग जॉइस्ट. इथे नगरच्या पोराचा घोटाळा झाला आणि परीक्षेचा सगळ्यात चांगला अर्धा तास मला मिळाला.

जॉइस्ट एकमेकांपासून 450 मिलिमीटरवर यायचे. वरून येणारे भुशाच्या दाबीव बोर्डाचे तक्ते 3600 लांब, 900 रुंद. त्यांच्या लांब कडेला पिवळ्या प्लास्टिकची जीभ असते म्हणून सगळे त्याला यलोटंग म्हणतात. 3600ला 450ने भागलं की बरोबर आठ. म्हणजे तक्त्याचं टोक आपोआप नवव्या जॉइस्टच्या मध्यावर येतं. जॉइस्ट 45 मिलिमीटर जाड, त्याच्यावर दोन तक्त्यांची टोकं भेटणार, प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस. पोराने पहिल्या खुणेपासून दुसरी मोजली, दुसरीपासून तिसरी, तिसरीपासून चौथी. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या जाडीएवढं, दोनेक मिलिमीटर, पुढे सरकलं. परीक्षक काही बोलला नाही. नवव्या जॉइस्टपर्यंत जाऊ दिलं. मग टेप एका टोकाला अडकवून सरळ शेवटपर्यंत ओढली. 16 मिलिमीटरचा फरक. साडेबावीसमधून 16 गेले, उरले साडेसहा. एवढ्याशा कडेवर तक्ता टेकणार, त्यातच स्क्रू मारायचा, आणि स्क्रूने कड फुटणार. घर बांधून झाल्यावर काही महिन्यांत तिथे पाय पडला की करकर. रीत साधी आहे: टेप एकदाच अडकवायची आणि 450, 900, 1350, 1800 असं पुढे खुणा करत जायचं, चूक झाली तरी ती पुढच्या खुणेत जात नाही. पोराने कपाळावर हात मारला. त्याने सगळ्या खुणा पुसून पुन्हा केल्या, अठरा मिनिटं घड्याळात गेली.

मला वाटलं, संपलं, ‘अजून पात्र नाही’. तसं झालं नाही. परीक्षकाच्या मते चूक करणारा सुतार आणि चूक झाकणारा सुतार ह्यात फरक आहे, आणि ही परीक्षा दुसऱ्याला पकडण्यासाठी असते. पोराने खुणा स्वतः पुसल्या, जॉइस्ट उचलले. दुसऱ्या एका जोडीने असाच फरक तक्ता जरा ताणून दडपायचा प्रयत्न केला होता. त्यांना त्याने तिथेच थांबवलं.

जॉइस्टचीही एक गोष्ट आहे. कुठलीही कडी पूर्ण सरळ नसते. एक टोक डोळ्याला लावून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं की बाक दिसतो. तो बाक वरच्या बाजूला ठेवायचा, कारण वजन पडल्यावर कडी खालीच बसणार. पहिल्या वर्षाचं पोरही हे पाठ म्हणून दाखवतं. अवघड ते पुढेच. शेजारशेजारच्या कड्यांचा बाक सारखा नसतो: एकीचा जास्त, दुसरीचा नावाला. सगळे वर ठेवले तरी जमीन लाटेसारखी होते. परीक्षक 2 मीटरची सरळ पट्टी आडवी टाकतो. व्हिक्टोरियाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे त्या पट्टीखाली 4 मिलिमीटरपेक्षा जास्त फट म्हणजे दोष. मग कमी असेल तिथे पाचर, जास्त असेल तिथे रंधा. मुलीचा हात रंध्यावर छान चालत होता. दोन-तीन वेळा फिरवून ती थांबायची, पट्टी टाकायची, पुन्हा फिरवायची. किती काढायचं हे तिने कोणाला विचारलं नाही. ते पाहून परीक्षकाने यादीतल्या तीन रकान्यांवर एकदम खुणा केल्या.

जीभ-खोबणीच्या फळ्यांची जमीन ही वेगळी परीक्षा, आणि तिच्याबद्दल माझं मत जरा वाईट झालं. स्पॉटेड गम किंवा ब्लॅकबटच्या फळ्या, जिभेतून तिरका खिळा मारून तो लपवायचा, भिंतीपाशी फुगायला जागा सोडायची, हे सगळं रीतसर होतं. पण फळ्या वर्षानुवर्षं त्याच शेडमध्ये पडलेल्या, त्यांच्यात आता फुगायचं आकसायचं काही उरलेलं नाही. पोरं ओलावा मोजायचं यंत्र टेकवतात, आकडा 9 ते 14 टक्क्यांच्या मधला येतो, लिहून घेतात. तो नेहमी मधलाच येणार. ओली फळी हातात आली तर काय करायचं, हे इथे कोणाला अनुभवाने कळत नाही. तोंडी प्रश्नोत्तरांत सांगितलं की झालं.

तीच गत गोंदाची. खऱ्या साइटवर जॉइस्टवर आधी गोंदाची रेघ ओढतात, मग तक्ता, मग स्क्रू. हा गोंदच करकर थांबवतो. शेडमध्ये गोंद वापरत नाहीत, कारण चिकटलेलं लाकूड पुढच्या तुकडीला सुटं करता येत नाही, आणि लाकूड महाग. जानेवारीच्या उन्हात गोंद पटकन साय धरतो, तेव्हा किती जॉइस्टवर एका वेळी ओढायचा हा अंदाज हाताला यावा लागतो. परीक्षेत तो रकाना मालकाच्या अहवालावर सोडला आहे. उमेदवाराने साइटवर अमुक काम केलं आणि नीट केलं, असं मालक लिहून देतो; परीक्षक ते पुरावा म्हणून धरतो.

आणि इथूनच सगळं बिघडायला लागतं. मेलबर्नच्या नव्या वसाहतींत तळमजला काँक्रीटच्या स्लॅबवर येतो. स्टम्प, बेअरर, अँट कॅप ह्यांतलं काहीही न पाहता उमेदवारीची चारही वर्षं जाऊ शकतात. दुमजली घर असलं तर वरची जमीन लाकडी असते खरी, पण तिच्या कड्या कारखान्यातून नंबर टाकून येतात. कुठल्या अंतराला कुठल्या मापाची कडी, हे संगणकाने आधीच ठरवलेलं. पोरांना मात्र एएस 1684 या मानकातली कोष्टकं वाचून माप काढता यायला हवं. ते यावं, असं मलाही वाटतं, कारण उताराच्या जागेवर आणि जुन्या घरात अजून तेच लागतं, आणि तिथे चूक झाली तर संगणक नसतो. पण मालकाला ते पटवणं कठीण. त्याच्या दृष्टीने पोरगं शेडमध्ये खेळायला जातं आणि त्या दिवसाचा पगार त्याला द्यावा लागतो.

देशाला घरं हवीत, घाईने हवीत. जुलै 2024पासून पाच वर्षांत 12 लाख घरांचं लक्ष्य ठरलं आहे. जुलै 2025पासून घरबांधणीतल्या उमेदवाराला टप्प्याटप्प्याने 10,000 डॉलर मिळतात, ते त्याने टिकून राहावं म्हणून. कारण हस्तव्यवसायांतले जवळपास निम्मे उमेदवार मधेच सोडून जातात. त्याच वेळी शिकवायला माणूस मिळत नाही. चांगल्या सुताराला साइटवर जास्त पैसे मिळतात, आणि शिकवायचं तर सुतारकामाच्या वर शिकवण्याचं व परीक्षेचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. माझा परीक्षक म्हणाला की गुडघे शाबूत असते तर तोही इथे नसता.

दुसरीकडे कागदांचा डोंगर. 2024च्या अखेरीपासून राष्ट्रीय नियामकाने, म्हणजे आस्क्वाने, काही खासगी संस्थांची नोंदणी काढून घेतली आणि त्यांनी वाटलेली हजारो प्रमाणपत्रं रद्द केली, बांधकामातलीही. शिक्षण न देता, तपासणी न करता कागद दिल्याचा संशय होता. ज्यांनी पैसे भरून प्रामाणिकपणे वर्गात बसून शिक्षण घेतलं, तेही त्यात भरडले. त्यांना आपण काम जाणतो हे नव्याने सिद्ध करायला सांगितलं गेलं. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये याची धास्ती जास्त आहे. नगरच्या पोराने संस्था निवडताना फीपेक्षा हेच आधी विचारलं होतं. या सगळ्याचा परिणाम सरळ संस्थांवर उतरला: प्रत्येक टप्प्याचा फोटो, प्रत्येक फोटोवर तारीख, जोडीतल्या कोणी काय केलं ह्याची वेगळी नोंद, दोघांच्या सह्या. परीक्षक आता पट्टी टाकतो, मग टॅबलेट काढतो, फोटो घेतो, मग पुन्हा पट्टी. तो बघत नसतो त्या वेळात जोडीतली पोरं त्याची वाट बघत उभी. आणि फोटोत 4 मिलिमीटरची फट दिसत नाही. फोटोत दिसतं ते हेल्मेट, चष्मा आणि अंगठा वर केलेला.

जाण्याआधी त्याने मला एका दुसऱ्याच उमेदवाराची फाइल दाखवली, नावावर हात ठेवून. मालकाचा अहवाल सगळीकडे ‘होय’ने भरलेला: स्टम्प बसवले, होय; बेअरर, होय; गोंद व तक्ते, होय. खाली ठळक सही आणि साइटचा पत्ता. परीक्षकाने तो पत्ता नकाशावर काढून बघितला होता. नवी वसाहत, सगळी घरं एकमजली, सगळी स्लॅबवर. त्याने मालकाला फोन लावला होता, मालकाने उचलला नव्हता. दुपारनंतर तो पुन्हा लावणार होता. तोवर त्या पोराच्या रकान्यात काही लिहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. नगरच्या पोराला मात्र ‘पात्र’ मिळालं, फळ्यांच्या भागाचं अजून बाकी आहे.