उभ्या गाडीला ठोकर, चालक पसार : विमा मागावा की नाही?

जुम्म्याच्या नमाजसाठी गाडी रस्त्याकडेला लावावी आणि परतल्यावर दरवाजा चेपलेला दिसावा, हा अनुभव अनेक व्यापारी बांधवांना आला असेल. ठोकणारा सापडत नाही. मग भरपाई कोण देणार?

कायद्याने सक्तीचा थर्ड पार्टी विमा येथे कामाचा नाही. तो आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरतो. अज्ञात वाहनाच्या धडकेबद्दल सरकारी भरपाई आहे (१ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस २ लाख, गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये), पण ती माणसांसाठी. गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ संरक्षण हवे. ते कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत असते.

तरीही आधी हिशेब करावा. समजा, ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये असून त्यात ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. दुरुस्ती ५,००० ची. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस पहिले १,००० रुपये मालकाने सोसायचे. म्हणजे हाती फार तर ४,०००. बोनस-संरक्षण वेगळे घेतले नसेल तर नूतनीकरणाला बोनस शून्य होतो आणि तेवढेच ४,००० जादा जातात. पुढे बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढतो. म्हणून किरकोळ पोचा खिशातून काढलेला बरा.

नुकसान मोठे असेल तर गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढावेत, शेजारच्या दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण मागावे, पोलिसांत नोंद करावी व कंपनीला लगेच कळवावे. सर्व्हेअरच्या पाहणीपूर्वी गाडी दुरुस्त करू नये. दावा नाकारल्यास कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे कार्यालये आहेत आणि फी लागत नाही.