मांजरेच्या पाण्यात मगरीचाही वाटा आहे

औराद तालुक्याच्या दक्षिण अंगाने मांजरा वाहते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ती आपल्याकडे येते कोठून आणि आपल्यापासून जाते कोठे, याचा विचार घरोघरी होतो असे दिसत नाही. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात तिचा उगम होतो. लातूरची भूमी भिजवून ती बिदर जिल्ह्यात येते, पुढे तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर हे जलाशय भरते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून गोदावरीस मिळते. नदी एक, पण तिच्या पाण्यावर हक्क सांगणारी राज्ये तीन.

अशा ठिकाणी वाटणी अटळ असते. गोदावरी खोऱ्याच्या पाण्याचा निवाडा न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने १९८० साली दिला. त्यात मांजरेचाही हिशोब आहे. महाराष्ट्राच्या धरणांना, कर्नाटकाच्या कारंजा प्रकल्पाला आणि सिंगूरमार्गे हैदराबादच्या नळांना पाणी कसे मिळावे, हे त्यात पाहिलेले आहे. शेताचा विचार झाला, शहराचा झाला. नदीत राहणाऱ्या जिवांसाठी मात्र वेगळा वाटा राखलेला नाही. कृष्णेच्या दुसऱ्या लवादाने २०१० साली किमान प्रवाहासाठी १६ अब्ज घनफूट पाणी बाजूस ठेविले. तो निर्णय पुढे न्यायालयीन वादात सापडला, तथापि नदीलाही नदी म्हणून काही पाणी हवे, हा विचार त्याने कागदावर आणिला.

हा विचार चैनीचा आहे, असे कोणी म्हणू नये. २०१६ च्या दुष्काळात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. त्याच दुष्काळात खाली सिंगूरही आटले. वरच्यांनी अडविले आणि खालच्यांनी उपसले, की मधली नदी केवळ नावापुरती उरते. मनुष्यासाठी आगगाडी धावली. जलचरांसाठी कोण धावणार?

सिंगूरच्या खाली, संगारेड्डीजवळ, हैदराबादला पाणी पुरविण्यासाठी मांजरेवर बंधारा घातलेला आहे. त्याच्या जलाशयात १९७८ साली अभयारण्य स्थापन झाले, ते मुख्यतः मगरीसाठी. कातड्याच्या लोभाने देशातील मगरी संपत आल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार बंद केली आणि १९७५ साली सरकारने मगर-संवर्धनाचा प्रकल्प हाती घेतला. मगर माणसावर हल्ला करू शकते, तेव्हा तिच्याविषयी भय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हिच्या मातृत्वाकडेही पाहावे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि घरट्याजवळ पहारा देते. सुमारे दोन महिन्यांनी आतून पिलांचा आवाज आला की ती वाळू उकरते आणि पिले जबड्यात अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. आता ट्रॅक्टर लावून वाळूच उचलून नेली, तर तिने अंडी कोठे घालावीत? आणि पाणीच नसेल, तर पिले कोठे न्यावीत? शिकाऱ्याला शिक्षा करणारा कायदा कोरड्या पात्रात निरुपयोगी ठरतो.

पाणी असूनही ते विषारी असेल, तर तेही नसल्यासारखेच. मांजरेस मिळणाऱ्या नक्कावागू ओढ्याची कथा या बाबतीत बोलकी आहे. हैदराबादजवळील पटानचेरूच्या कारखान्यांचे सांडपाणी या ओढ्याच्या वाटेने वर्षानुवर्षे गेले. स्वीडनच्या संशोधकांनी २००७ साली तेथील शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरमागे २८ ते ३१ मिलिग्रॅम आढळले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात आणि उद्या तेच औषध आजारी मुलाला गुण देत नाही.

परंतु दोष सर्वस्वी कारखान्यांचा, असे म्हणून आपण सुटत नाही. शेतात गरजेपेक्षा अधिक टाकलेल्या युरियाचा काही भाग नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, हे माताभगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे.

मग करावयाचे काय? जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच व्यक्तींना, शक्यतो स्त्रियांना, पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत, संच कोठे आहे, हे पंचायतीस विचारावे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असली पाहिजे आणि गावच्या जिवांची नोंदवही तिने लोकांच्या साहाय्याने ठेविली पाहिजे. ओढ्यात पूर्वी कोणते मासे होते, नदीकाठी कोणते पक्षी उतरत, हे आजही आपल्या आजोबा-आजींस ठाऊक आहे. ते गेल्यावर ती माहिती कोण देणार? बेकायदा वाळू उपसली जात असेल, तर ग्रामसभेत तोंड उघडावे.

सरकार दरबारी पाण्याचे खाते वेगळे, प्रदूषणाचे वेगळे आणि वन्यजीवांचे वेगळे. नदीस मात्र ही खाती ठाऊक नाहीत. जे पाणी आपण नासवितो, तेच खालच्या गावची आई घागरीत भरते आणि तेच मगरीच्या पिलांचे घर असते. औरादच्या शिवारातून मांजरा पुढे जाते, तेव्हा ती आपली मालमत्ता नसून शेजाऱ्याची ठेव असते. ठेव जशी घेतली तशी परत करणे, हा आपल्याकडील जुना धर्म आहे.