आयपीए: नावात ‘इंडिया’ कशी आली?

मंडळी, आधी एक कबुली देतो. अस्करला आमच्या घरी चार मित्र जमले की गेली पंधरा वर्षं मी एक गोष्ट रंगवून सांगत आलो. “इंग्लंडहून हिंदुस्थानात पोचेपर्यंत बिअर नासायची. म्हणून हॉजसन नावाच्या हुशार गृहस्थानं मुद्दाम कडक आणि कडू बिअर शोधून काढली. तीच इंडिया पेल एल, म्हणजे आपली आयपीए!” गेल्या हिवाळ्यात ईस्ट इंडिया कंपनीवर शाळेचा प्रकल्प करणाऱ्या माझ्या मुलीनं ती ऐकली आणि विचारलं, “बाबा, पुरावा काय?” डॉक्टरेट मिळवलेल्या माणसानं “सगळे असंच म्हणतात” हे उत्तर देणं बरं दिसेना. म्हणून पुस्तकं उघडली.

हॉजसनची ब्रुअरी पूर्व लंडनमध्ये ‘बो’ इथं १७५२ साली सुरू झाली. कंपनीची जहाजं जवळच, ब्लॅकवॉलला लागत. कप्तानांना स्वतःचा खासगी माल मुंबई-कलकत्त्याला नेऊन विकायची मुभा होती, आणि हॉजसन त्यांना बारा ते अठरा महिन्यांची उधारी देई. नवी बिअर मात्र त्यानं शोधली नव्हती. महिनोन् महिने मुरवायची फिकट ‘ऑक्टोबर बिअर’ इंग्लंडमध्ये आधीपासूनच होती. शिवाय काळी पोर्टरही हिंदुस्थानात सुखरूप पोचत होती. ती गोऱ्या शिपायांची. पेल एल साहेबलोकांची.

मग कडूपणाचं काय? तो भाग खरा आहे. उष्ण देशांत जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हा सल्ला १७६० च्या दशकातच रूढ होता. हॉप ही एक वेल. तिच्या फुलांतली आम्लं उकळताना रूप बदलतात; त्यातून कडूपणा येतो आणि बिअर आंबवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखली जाते. या बिअरमध्ये साखरही फार कमी उरे, त्यामुळे जिवाणूंना खायलाच नसे. पिंपातलं जिवंत यीस्ट उरलासुरला ऑक्सिजन संपवी. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार-सहा महिने हेलकावे खात बिअर येई ती चांगली मुरूनच. इथल्या ऑगस्टमध्ये गाडीच्या डिकीत विसरलेल्या माझ्या बाटल्यांना मात्र दोन दिवसांत ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. गाळून यीस्ट काढलेल्या आजच्या बिअरला ते संरक्षण नसतं!

पुढे हॉजसनच्या वारसांनी भाव वाढवले आणि कप्तानांना वगळून परस्पर विक्री सुरू केली. चिडलेल्या कंपनीच्या एका संचालकानं १८२२ मध्ये बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला गाठलं. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, कोरडा उतरतो. बर्टननं हॉजसनला मागे टाकलं. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील स्वरूपात दिसतं ते १८२९ मध्ये, तेही सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत!

आपल्या मुलखाचा धागाही आहे. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत रखडलेले गोरे सैनिक वेडेपिसे होत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ आला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. हेच ‘डूलाली’ नाव घेऊन २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू झाली.

माझी आवडती विचाराल, तर इंग्लंडची थॉर्नब्रिज ‘जयपूर’ (५.९ टक्के, २००५ पासून). अमेरिकन हॉप्समुळे संत्र्याच्या सालीचा वास येतो, तरी शेवट कोरडा. सिएरा नेवाडाची ‘टॉर्पेडो’ ७.२ टक्क्यांची, ती एकच पुरे. प्यावी की नाही, हा अर्थात ज्याचा त्याचा प्रश्न.

असो. मुलीनं प्रकल्पात एकच वाक्य लिहिलं: “आयपीए हिंदुस्थानात पोचली ती हॉप्समुळे आणि उधारीमुळे.” माझ्या पंधरा वर्षांच्या गोष्टीपेक्षा ते जास्त खरं आहे. आपल्याकडच्या दुकानांतली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी हॉजसननं लावली असती, तर नावात ‘इंडिया’ आली असती का?