भेटी चार हजार, वाचक किती?

आमच्या इंझोरीत मळणी झालेल्या सोयाबीनचा नुसता ढीग पाहून कोणी हिशेब करत नाही. माती, काडीकचरा चाळून काढला की मगच खरं वजन कळतं. संकेतस्थळावरच्या भेटींचंही तसंच असतं, हे मला जरा उशिराच कळलं.

भाच्याने माझ्या गझला संकेतस्थळावर ठेवल्या. एके सकाळी पाहतो तर एका रात्रीत ४ हजार भेटी! मुशायऱ्यात चाळीस माणसं जमली तरी धन्य होणारा मी. गावभर सांगत सुटलो. भाच्याने नोंदी पाहिल्या आणि म्हणाला, "मामू, हे वाचक नाहीत, बॉट आहेत."

बॉट म्हणजे माणसाशिवाय आपोआप पानं उघडणारी आज्ञावली. मराठी विकिपीडियावर तिला 'सांगकाम्या' असं छान नाव आहे. सगळे सांगकामे वाईट नसतात. गूगलचा सांगकाम्या पानं चाळून जातो, म्हणून तर शोधणाऱ्याला आपली कविता सापडते. फक्त त्याला वाचक म्हणून मोजू नये.

मग ओळखायचं कसं? सर्व्हर प्रत्येक भेटीची वेळ, आयपी पत्ता आणि ब्राउझरचं नाव नोंदवतो. एका सेकंदात वीस गझला कोणी वाचत नाही. रात्रभर घड्याळ लावल्यासारख्या येणाऱ्या भेटी, डेटा सेंटरमधला पत्ता, शेकडो भेटींत तोच जुना ब्राउझर, या साऱ्या खुणा. पण एकाच खुणेवर निवाडा करू नये. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. त्यामुळे एका पत्त्यावरच्या पन्नास भेटी खरोखर पन्नास माणसांच्याही असू शकतात. दोन-तीन खुणा जुळल्या तरच संशय घ्यावा.

मोठ्यांचीही फसगत होते. मे २०२५च्या सुमारास विकिपीडियावर, विशेषतः ब्राझीलमधून, माणसांच्या वाटाव्यात अशा भेटी एकदम वाढल्या. तपासाअंती त्यांतल्या बऱ्याच बॉटच्या निघाल्या. चाळणी बदलून पुन्हा मोजलं, तेव्हा माणसांच्या भेटी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी भरल्या.

माझ्या ४ हजारांतून चाळून उरले १७. त्यांतल्या एकाने एक गझल सहा मिनिटं उघडी ठेवली होती. "फोन ठेवून चहाला गेला असेल," भाचा म्हणाला. असेलही. पण परत येऊन त्याने पुढची गझल उघडली, तेही नोंदीत आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)