गर्दीची जबाबदारी कोणाची?

डेन्मार्कमधील रोस्किल्ड हे शहर कोपनहेगनच्या पश्चिमेस जेमतेम पस्तीस किलोमीटरवर आहे. तेथील विटांचे कॅथेड्रल जागतिक वारशाच्या यादीत असून डॅनिश राजघराण्याच्या अनेक पिढ्या त्यात चिरविश्रांती घेत आहेत. युरोपातील तरुणांना मात्र हे शहर ठाऊक आहे ते संगीत महोत्सवामुळे. १९७१ पासून चालत आलेला हा महोत्सव जूनअखेरीस सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. स्वयंसेवक धरून लाखाहून अधिक माणसे शहराबाहेरच्या माळावर तंबू ठोकून राहतात. एका परिसंवादानिमित्त कोपनहेगनला जाण्याचा योग आला, तेव्हा त्यातील चार दिवस मी तेथे काढले.

माझी आवड शास्त्रीय संगीताची. तरीही छोट्या रंगमंचांवरचे स्वतंत्र बँड ऐकताना कंटाळा आला नाही. पहिल्या दिवसांत नॉर्डिक देशांतील नवोदितांना वाव मिळतो. मोठ्या कंपन्यांचे पाठबळ नसलेली, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी ही मुले शे-दोनशे श्रोत्यांसमोरही जीव ओतून गात होती. संगीताइतकेच माझे कुतूहल जागे झाले ते ही व्यवस्था चालते कशी, याविषयी.

महोत्सव कोणा उद्योगसमूहाच्या मालकीचा नाही. तो एका ना-नफा प्रतिष्ठानाचा असून शिल्लक पैसा सांस्कृतिक व सामाजिक कामांसाठी दिला जातो. सुमारे तीस हजार स्वयंसेवक काही पाळ्या काम करतात आणि त्या बदल्यात त्यांना प्रवेश मिळतो. खाद्यपदार्थांचे बरेच स्टॉल स्थानिक फुटबॉल क्लब व तत्सम संस्था चालवतात आणि त्या कमाईवर त्यांचा वर्षाचा खर्च निघतो. म्हणूनच रोस्किल्डकरांना हा महोत्सव परका वाटत नाही. गोंगाटाबद्दल ते कुरकुरतात, पण ती घरातल्या माणसाविषयीची कुरकुर असते.

मुख्य रंगमंच नारिंगी छताचा आहे. तो त्या महोत्सवाची ओळखच होऊन बसला आहे. त्याच मैदानाच्या परिसरात एक शिळा आणि तिच्याभोवती नऊ झाडे आहेत. ३० जून २००० रोजी पर्ल जॅम या अमेरिकी बँडचा कार्यक्रम सुरू असताना पावसाने निसरड्या झालेल्या जमिनीवर पुढच्या रांगांतील लोक पडले, मागून रेटा येत राहिला आणि नऊ तरुण गुदमरून मेले. गाणे थांबेपर्यंत उशीर झाला होता. हसतखेळत चाललेली मुले त्या झाडांपाशी येऊन आवाज खाली आणत होती, हे मी पाहिले.

त्या दुर्घटनेबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. परंतु आयोजकांनी तेवढ्यावर सुटकेचा निःश्वास टाकला नाही. आज मुख्य रंगमंचापुढील जागा भक्कम कठड्यांनी विभागलेली आहे. प्रत्येक भागात ठरावीक संख्येनेच माणसे सोडली जातात. तो भरला की प्रवेश बंद. उरलेले रांगेत थांबतात किंवा मागे उभे राहून ऐकतात. कठड्यापलीकडे उभे असलेले सुरक्षारक्षक प्रेक्षकांकडे तोंड करून चेहरे न्याहाळत असतात, पाण्याचे पेले पुढे करतात, कोणी घाबरलेला दिसला तर त्याला उचलून बाहेर काढतात. कलावंत कितीही मोठा असो, धोका दिसताच कार्यक्रम थांबवायचा, हा दंडक आहे.

अशा प्रसंगांना हिंदीत ‘भगदड’ म्हणतात, मराठीत ‘चेंगराचेंगरी’. दोन्ही शब्द दिशाभूल करतात. पहिल्यात लोक पळत सुटल्याचे गृहीत आहे. दुसऱ्यात लोकांनीच एकमेकांना चेंगरल्याचे. प्रत्यक्षात दर चौरस मीटरला पाच-सहा माणसांपलीकडे दाटी झाली की पळायला जागाच उरत नाही. छाती फुगवता न आल्याने माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. दोष त्या माणसाचा नसतो. जागा, वाटा आणि वेळ ठरवणाऱ्यांचा असतो. शब्द मात्र दोष गर्दीच्या पदरी टाकून मोकळा होतो.

२८ जानेवारी २०२५ रोजी भुवनेश्वर येथे पंतप्रधानांनी संगीत मैफलींच्या अर्थव्यवस्थेचे महत्त्व सांगितले आणि राज्यांना त्यासाठी सुविधा उभारण्याचे आवाहन केले. ते योग्यच होते. पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’ने आणि अरुणाचलच्या जिरो खोऱ्यात २०१२ पासून भरणाऱ्या महोत्सवाने स्वतंत्र संगीताला आपल्याकडे श्रोता आहे, हे कधीच सिद्ध केले आहे. परंतु त्या भाषणानंतर चोवीस तास उलटण्याआधीच प्रयागराजच्या संगमावर सरकारी आकड्यानुसार ३० भाविक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी जूनमध्ये बंगळूरुत क्रिकेटच्या विजयोत्सवात ११ आणि सप्टेंबरमध्ये तमिळनाडूतील करूर येथे राजकीय सभेत ४१ जण गेले.

संगीताचा कार्यक्रमही याला अपवाद नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमापूर्वी पाऊस आला, बाहेरचे लोक आडोशासाठी आत घुसले आणि उतरत्या पायऱ्यांवर चौघांचा अंत झाला. त्यात तीन विद्यार्थी होते. महाराष्ट्राला तर २००५ ची मांढरदेवीची जत्रा विसरता येणार नाही. सुमारे तीनशे बळी, निसरड्या पायऱ्या, अरुंद वाट आणि त्यानंतर चौकशी आयोग.

नियमांचा आपल्याकडे तुटवडा नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्येच गर्दी व्यवस्थापनाची सविस्तर मार्गदर्शिका काढली. कर्नाटकाने २०२५ मध्ये गर्दी नियंत्रणाचे विधेयक मांडले, त्याचा भर आयोजकांना शिक्षा करण्यावर आहे. शिक्षा हवीच, पण भीतीपोटी कोणी सत्य सांगत नाही, आणि सत्य कळल्याशिवाय पुढचा अपघात टळत नाही. हवी ती स्वतंत्र चौकशी, ठरावीक मुदतीत तिच्या अहवालाची प्रसिद्धी, आणि प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात ‘थांबवा’ म्हणण्याचा निर्विवाद अधिकार असलेली एक व्यक्ती. समोर रॉक गायक असो, क्रिकेटपटू असो, महंत असो की मंत्री.

डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या घरात आहे; आपल्या एका पर्वणीला त्याहून अधिक लोक जमतात. तुलना विषम आहे, हे खरे. पण ज्या देशात अधिक माणसे एकत्र येतात, त्याला हे शास्त्र अधिक यायला हवे. नऊ मृत्यूंनी एका छोट्या शहराची रीत बदलली. आपल्याला किती लागणार, हा प्रश्न आपल्या राज्यकर्त्यांना कोणीतरी विचारला पाहिजे.